गाडी सुटली, नोंद अडकली : बडोद्यातील नंबर प्लेट कॅमेऱ्यांचे एक प्रकरण

संबंधितांची ओळख पटू नये म्हणून नावे, महिने, पोलीस ठाणी आणि काही तपशील बदलले आहेत. कायदे, निकाल आणि यंत्रणेचे काम जसे आहे तसेच दिले आहे.

पार्श्वभूमी

बडोद्याच्या दांडिया बाजारात तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची पांढरी हॅचबॅक गाडी रात्री गल्लीतून चोरीला गेली. क्रमांक जीजे ०६ ने सुरू होणारा. गुजरातमध्ये २०२२ पासून वाहनचोरीची एफआयआर ऑनलाइन देता येते. मालकांनी ती सकाळी दिली आणि गाडीचा क्रमांक, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक चोरीच्या वाहनांच्या यादीत गेले. पोलिसांच्या बोलण्यात या यादीचे नाव हॉटलिस्ट.

महिन्याभराने गाडी शेजारच्या जिल्ह्यात रस्त्याकडेला बेवारस सापडली. तिथल्या ठाण्याने पंचनामा करून ती मुद्देमालात जमा केली. मालकांनी कोर्टात अर्ज केला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५०३ अशा वेळी लागू होते, जुन्या फौजदारी संहितेत ते ४५७ होते. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या २००२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की जप्त वाहने ठाण्याच्या आवारात गंजत ठेवू नयेत. फोटो, पंचनामा आणि बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावीत. त्याप्रमाणे गाडी सुटली. सुपूर्दनाम्यावर सही झाली, किल्ली हातात आली. कुटुंबाच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

आता कॅमेऱ्याकडे वळू. नंबर प्लेट वाचणारा कॅमेरा, म्हणजे एएनपीआर, चौकातल्या साध्या सीसीटीव्हीहून वेगळा असतो. त्यात इन्फ्रारेड दिवा असतो, म्हणून परावर्तक पाटी रात्रीही उजळून दिसते. शटर इतके जलद असते की धावत्या गाडीचा आकडा पसरत नाही. सॉफ्टवेअर आधी चौकटीत पाटी शोधते, तिची तिरकी बाजू सरळ करते, अक्षरे सुटी करते, प्रत्येक अक्षर ओळखते आणि वाचनाबरोबर खात्रीचा एक गुण देते. हे वाचन हॉटलिस्टशी ताडले जाते. जुळले की कंट्रोल रूमच्या पडद्यावर आणि नाक्यावरच्या टॅबवर अलर्ट वाजतो. न जुळलेली वाचनेही वेळ, ठिकाण आणि फोटोसकट साठत राहतात. हा दुसरा साठा लोकांच्या नजरेत येत नाही. या प्रकरणात पुढे तोच मोठा मुद्दा ठरला.

राज्यात 'विश्वास' या सरकारी कॅमेरा प्रकल्पाखाली जिल्ह्यांत 'नेत्रम' आणि गांधीनगरला 'त्रिनेत्र' अशी नियंत्रण केंद्रे आहेत. शहरांचे स्वतःचे नियंत्रण कक्ष वेगळे. यादी एका जागी तयार होते आणि अनेक जागी उतरवली जाते, एवढे इथे लक्षात ठेवावे.

काय घडले

गाडी परत मिळून अकरा आठवडे झाले होते. रात्री साडेदहाच्या सुमारास भाचा गाडी चालवत होता. मालक शेजारी, त्यांच्या आई मागे. महामार्गाजवळच्या एका चौफुलीवरच्या नाक्यावर टॅब वाजला. बॅरिकेड आडवे आले.

पीएसआयने टॅबवरचा फोटो पाहिला, पाटीवरचा क्रमांक पाहिला, मग गाडीचा रंग आणि मॉडेल वाहन नोंदणीच्या माहितीशी ताडून घेतले. सगळे तंतोतंत जुळले.

"गाडी चोरीची आहे. सगळे खाली उतरा."

"साहेब, गाडी माझीच आहे. चोरीला गेली होती, सापडली, कोर्टाने सोडली. आदेश घरी आहे."

"घरी आहे तर घरून मागवा. तोवर गाडी इथून हलणार नाही."

पीएसआयने ज्या ठाण्यात चोरीची नोंद होती तिथे फोन केला. रात्रपाळीचा जमादार म्हणाला, गुन्ह्याचे कागद रायटरकडे, म्हणजे ठाण्याच्या लेखनिकाकडे, आहेत, तो सकाळी येईल. जिथे गाडी सापडली त्या ठाण्याचा नंबर नाक्यावर कोणाकडेच नव्हता. भाच्याला सरकारी जीपमध्ये बसवले. आई रस्त्याकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिल्या. घरून सूनबाईंनी आदेशाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले. फोटोवर विश्वास ठेवायचा की नाही, यावर आणखी वेळ गेला. सगळे मिळून अडीच तास लागले.

मारहाण झाली नाही, कोणी पैसे मागितले नाहीत. पीएसआयने नियम मोडला असेही म्हणता येत नाही, कारण मोडायला लेखी नियमच नव्हता. चोरीचा संशय असलेली वस्तू ताब्यात घेण्याचा अधिकार संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे. त्या अधिकाराचा आधार म्हणून पडद्यावरची एक ओळ पुरते का, हा या प्रकरणाचा खरा प्रश्न आहे.

चूक नेमकी कुठे होती

कुटुंबाच्या तक्रारीनंतर पोलिसांनी घेतलेल्या पहिल्या बैठकीत सगळ्यांचे बोट कॅमेऱ्याकडे गेले. ते साहजिक होते, कारण कॅमेरे चुकतातच. इंग्रजी 'बी' आणि आठ, 'एस' आणि पाच, 'झेड' आणि दोन, 'डी', 'क्यू' आणि शून्य या जोड्या नेहमी फसवतात. पाटी घट्ट करायचा स्क्रू नेमका अक्षरावर आला तर शून्याचा 'क्यू' होतो. पाटी दोन ओळींची असेल तर वरची ओळ वाचली जाते आणि खालची सुटते, किंवा दोन्हींचा क्रम उलटतो. दुचाकीच्या मागे वाकलेली पाटी, पावसाळ्यातला चिखल, समोरून येणारा हेडलाइटचा झोत, गुजराती आकड्यांत हौसेने रंगवलेली पाटी, सगळ्यांचा परिणाम वाचनावर होतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी बंधनकारक झाली. तिच्यावर ठरलेल्या मापाची उठावदार अक्षरे, परावर्तक पृष्ठ आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो, त्यामुळे वाचन सुधारते. जुन्या वाहनांचे काम मात्र वर्षानुवर्षे रेंगाळले आहे.

चुकीच्या वाचनाचे ओझे किती, हे एका ढोबळ हिशेबाने दिसेल. समजा कॅमेऱ्याच्या एका खांबाखालून रोज ३०,००० वाहने जातात आणि १०० पैकी ९८ वाचने बरोबर येतात. म्हणजे रोज ६०० वाचने चुकली. एका आरटीओच्या मालिकेत दोन अक्षरे आणि चार आकडे धरले, आय आणि ओ वगळले, तर सुमारे ५७ लाख ६० हजार क्रमांक बनतात. यादीत त्याच आरटीओचे २,००० क्रमांक असतील, तर साधारण दर २,९०० चुकीच्या वाचनांमागे एक वाचन योगायोगाने यादीतल्या एखाद्या क्रमांकावर जाऊन पडेल. असे ५० कॅमेरे असतील तर शहरात रोज दहाच्या आसपास खोटे अलर्ट. चोरीची खरी गाडी त्याच खांबाखालून रोज जाईलच असे नाही. म्हणजे ९८ टक्के अचूकतेचा कॅमेरा घेऊनही नाक्यावर वाजणाऱ्या अलर्टांत खोटे जास्त, असे सहज घडू शकते.

पण या गाडीचे वाचन अचूक होते. चूक होती ती यादीत. म्हणूनच पीएसआयने डोळ्यांनी केलेल्या पडताळणीने उलटाच परिणाम केला: क्रमांक जुळला, रंग जुळला, मॉडेल जुळले, आणि त्याची खात्री वाढतच गेली. डोळ्यांची पडताळणी वाचनातली चूक पकडते. शिळी नोंद पकडायची असेल तर नोंद करणाऱ्या ठाण्याशी बोलण्यावाचून उपाय नाही. या दोन चुका वेगळ्या आहेत, त्यांची औषधे वेगळी आहेत. बैठकीतला अर्धा वेळ हे समजण्यातच गेला, आणि तो वेळ सत्कारणी लागला असे आमचे मत आहे.

अमेरिकेत दोन्ही प्रकारचे प्रसंग नोंदले गेले आहेत. सॅन फ्रान्सिस्कोत २००९ मध्ये कॅमेऱ्याने एक आकडा चुकीचा वाचला आणि एका निरपराध महिलेला पिस्तुले रोखून गाडीतून उतरवले. २०१४ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने तिचा दावा चालण्याजोगा ठरवला. कोलोरॅडोतल्या अरोरा शहरात २०२० मध्ये आकडे बरोबर वाचले गेले होते. पण चोरीला गेलेली होती ती माँटाना राज्यातली मोटारसायकल, आणि थांबवली गेली तोच क्रमांक असलेली कोलोरॅडोतली कुटुंबाची गाडी. लहान मुलींना रस्त्यावर पालथे झोपवले गेले. वाहनाचा प्रकार ताडून पाहिला असता तर ते टळले असते.

दांडिया बाजारच्या गाडीची नोंद का राहिली, याचा माग काढल्यावर तीन गाठी सापडल्या.

पहिली गाठ अधिकाराची. नोंद केली पहिल्या ठाण्याने, गाडी सापडली दुसऱ्याला. दुसऱ्या ठाण्याला पहिल्याची नोंद काढण्याचा अधिकार नव्हता. त्याने गाडी मिळाल्याचे पत्र टपालाने पाठवले होते. ते गुन्ह्याच्या फाईलला लागले, यादीपर्यंत पोचले नाही.

दुसरी गाठ कोर्टाच्या आदेशाची. आदेश मालकाच्या हातात जातो, एक प्रत मुद्देमाल कारकुनाकडे जाते. गाडी सोडली की कारकुनाचे रजिस्टर पूर्ण. त्या रजिस्टरात हॉटलिस्टचा रकानाच नव्हता.

तिसरी गाठ नकलांची. यादी तीन जागी होती: मूळ नोंद, शहराच्या सर्व्हरवरची नक्कल आणि नाक्यावरच्या टॅबमधली नक्कल. टॅब रेंज नसतानाही चालावा म्हणून यादी त्याच्या आत साठवलेली असते. तो टॅब कित्येक दिवस जुन्या यादीवर चालत होता. म्हणजे मूळ नोंद आदल्या दिवशी काढली असती तरी त्या रात्री तो वाजलाच असता.

यादीत नाव घालायला एक बटण आणि दहा अधीर माणसे असतात. काढायला कोणाचेच पद नेमलेले नसते.

कुटुंबापुढचे पर्याय

वकिलांनी चार वाटा मांडल्या. फक्त आपली नोंद काढून घ्यावी आणि विषय मिटवावा. वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. माहिती अधिकारात कार्यपद्धती मागावी. किंवा राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जावे.

आईंना पहिली वाट पटत होती. "पोलिसांशी वाकडं कशाला घ्यायचं? आपलं काम झालं ना?" हा सल्ला घाबरटपणाचा नव्हता. त्यांना त्याच गल्लीत राहायचे होते. मालकांचे मन दुसऱ्या वाटेवर होते. उच्च न्यायालयाचा पर्याय खर्चामुळे बाजूला पडला, आणि अडीच तासांच्या अटकावाचे पुरावे तेव्हा हातात नव्हते म्हणूनही.

पुरावे हाच इथला पहिला निर्णायक क्षण होता. वकिलांनी तक्रारीच्या आधी, चौथ्याच दिवशी, जतन करण्याचे पत्र दिले. त्यात नेमके हे मागितले होते: अलर्टचा क्रमांक, खांबाचा क्रमांक, पाटीचा जवळचा फोटो, संपूर्ण गाडीचा फोटो, वाचनाचा खात्री-गुण, अलर्ट वाजल्याची आणि स्वीकारल्याची वेळ, कोणत्या लॉगिनने तो स्वीकारला, त्या टॅबने यादी शेवटची कधी उतरवली आणि नाक्यावरच्या सीसीटीव्हीचे दोन तासांचे चित्रण. अशा यंत्रणा जुने चित्रण आपोआप पुसतात. महिन्याने मागितले असते तर बहुतेक काही उरले नसते. या सगळ्या प्रकरणात कुटुंबाने केलेली सर्वांत शहाणपणाची गोष्ट कोणती, तर हे पत्र.

त्यातल्या 'कोणत्या लॉगिनने' या एका प्रश्नाने प्रकरणाचे रूप पालटले. उत्तर आले की कंट्रोल रूममधल्या तिन्ही पाळ्या एकच लॉगिन वापरतात. पासवर्ड पडद्याखाली चिकटवलेला होता. याचा अर्थ असा की त्या संगणकावरून शहरातली कोणतीही गाडी कोणत्या दिवशी कुठून गेली हे कोणीही बघू शकत होते, आणि कोणी बघितले हे कोणालाच सांगता येत नव्हते. कर्जवसुलीचे एजंट गाड्या हुडकत हिंडत असतात. त्यांच्यासाठी अशी माहिती सोन्याच्या मोलाची आहे. बायकोवर पाळत ठेवू पाहणाऱ्या नवऱ्यासाठीही. तसे घडल्याचा पुरावा मिळाला नाही. पण घडले असते तरी मिळाला नसता, आणि चिंता याच गोष्टीची होती.

पोलिसांपुढचे पर्याय

विभागाच्या सहायक पोलीस आयुक्तांनी तक्रार गांभीर्याने घेतली, हे आवर्जून नोंदवावे लागेल. त्यांच्यापुढे तीन सूचना आल्या.

टॅबवरचे अलर्ट काही महिने बंद ठेवावेत, ही एक. ती टिकली नाही, कारण त्याच अलर्टांवर चोरीच्या गाड्या खरोखर सापडत होत्या. ही गाडी हरवली तेव्हा याच कुटुंबालाही तेच हवे होते.

खात्रीचा उंबरठा वाढवावा, म्हणजे ९५ च्या खालच्या गुणाचे वाचन अलर्ट देणार नाही, ही दुसरी. पुरवठादार कंपनीला ती आवडली, कारण सेटिंग बदलायला पाच मिनिटे लागतात. याने चुकीची वाचने कमी झाली असती हे खरे. पण या गाडीचे वाचन उंबरठ्याच्या वरच होते. ज्या चुकीवरून बैठक बसली ती तशीच राहिली असती.

तिसरी सूचना लेखी स्थायी आदेशाची. इथे कायद्याची बाजू पाहावी लागली. भारतात नंबर प्लेट वाचनासाठी स्वतंत्र कायदा नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. उपकरणाला मान्यता प्रमाणपत्र हवे, कॅमेरा आहे अशी पाटी हवी, इलेक्ट्रॉनिक नोंद चलनाचा निकाल लागेपर्यंत जपावी, असे तो सांगतो. बैठकीत एका अधिकाऱ्याने यावरून असा अर्थ काढला की सगळी वाचने बेमुदत ठेवता येतात. तसे होत नाही. तो नियम वाहतुकीच्या गुन्ह्याच्या नोंदीबद्दल आहे. सिग्नल पाळून, वेग सांभाळून निघून गेलेल्या गाडीची नोंद त्यात येत नाही. हे दोन साठे वेगळे धरायचे हे एकदा मान्य झाल्यावर पुढचे बरेच सोपे झाले.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात गुन्हा रोखणे आणि तपास यांसाठी कलम १७ खाली मोठी सूट आहे. मात्र त्या सुटीतूनही कलम ८ च्या पोटकलम १ आणि ५ ची जबाबदारी वगळलेली नाही; माहिती सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य राहते. पडद्याखाली चिकटवलेला पासवर्ड त्यात बसत नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहेच. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, आणि त्यात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणात असलेला उपाय, तिन्ही लागतात. आदेश हा कायद्याची जागा घेऊ शकत नाही. पण काहीच लेखी नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

किती दिवस ठेवायचे

सगळ्यांत लांबलेला वाद न जुळलेल्या वाचनांच्या मुदतीचा. गुन्हे शाखेला एक वर्ष हवे होते. घरफोडी उघडकीला येते तेव्हा आरोपी महिनाभर आधी कुठे फिरला ते पाहावे लागते, हा त्यांचा मुद्दा, आणि तो पोकळ नव्हता. वकिलांना सात दिवस पुरेसे वाटत होते.

जगभरात याची उत्तरे फार वेगवेगळी आहेत. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात न जुळलेले वाचन तीन मिनिटांत पुसावे लागते, मेन राज्यात २१ दिवसांत. ब्रिटनमध्ये कमाल १२ महिने. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये बव्हेरियाच्या प्रकरणात म्हटले की जुळणी न झालेल्या माणसाची पाटी तपासणे हाही त्याच्या हक्कात हस्तक्षेपच आहे. कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये दाखवले की लॉस एंजेलिस पोलिसांकडच्या ३२ कोटी प्रतिमांपैकी ९९.९ टक्के प्रतिमांची कोणत्याही यादीशी जुळणी झालेली नव्हती. हा आकडा ऐकल्यावर बैठकीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

तोडगा निघाला ३० दिवसांवर. त्याला स्थानिक आधारही सापडला: गुजरातच्या २०२२ च्या सार्वजनिक सुरक्षा उपाययोजना कायद्यात आस्थापनांना सीसीटीव्ही चित्रण ३० दिवस ठेवायला सांगितले आहे. दुकानदाराला जी मुदत, तीच पोलिसांना, हे समजावून सांगणे सोपे गेले. एखाद्या गुन्ह्यासाठी ठराविक वाचने लागणार असतील तर ३० दिवसांच्या आत गुन्हा क्रमांक घालून लेखी मागणी करायची. तेवढीच बाजूला काढून ठेवायची, बाकीची पुसायची. आमच्या मते ३० दिवसही जास्त आहेत. १५ दिवसांनंतरच्या वाचनांची मागणी प्रत्यक्षात किती वेळा होते हे तीन महिने मोजून मग मुदत ठरवायला हवी होती. मोजमाप न करताच आकडा पक्का झाला.

काय केले

स्थायी आदेश एका विभागापुरता, सहा महिन्यांच्या चाचणीसाठी निघाला. त्यातल्या ज्या तरतुदींनी काम बदलले त्या अशा.

यादीतल्या प्रत्येक नोंदीला गुन्हा क्रमांक, ठाणे, नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे पद, कारण आणि कृतीचा शिक्का लागतो. कृतीचे शिक्के तीन: थांबवा, फक्त नोंद घ्या, जवळ न जाता कळवा. थकलेल्या ई-चलनांची वाहने या यादीतून पूर्ण बाहेर काढली. त्यांच्यासाठी बॅरिकेड लावायचे नाही. प्रत्येक नोंदीला ९० दिवसांची मुदत. संबंधित ठाण्याने पुन्हा होकार दिला नाही तर ती आपोआप झोपी जाते. काही खऱ्या चोरीच्या गाड्या यात निसटतील, ही हरकत आली आणि ती मान्य करूनच मुदत ठेवली.

मुद्देमाल रजिस्टरात नवा रकाना आला. गाडी सोडताना कारकुनाने नोंद काढल्याच्या संदेशाची प्रत चिकटवायची, त्याशिवाय सुपूर्दनामा पूर्ण धरायचा नाही. गाडी ज्या ठाण्याला सापडली त्याला 'मिळाली' असा शिक्का स्वतः मारता येतो. शिक्का पडताच अलर्टचा मजकूर बदलतो: 'गाडी मिळाल्याची नोंद आहे, मालकाची खात्री करा'. पूर्ण काढून टाकण्याचा अधिकार मूळ ठाण्याकडेच राहिला. हा मधला शिक्का एका जमादाराने सुचवला होता. संपूर्ण आदेशातली सर्वांत उपयोगी ओळ ती आहे.

टॅबने यादी २४ तासांत नव्याने उतरवली नसेल तर त्यावर अलर्ट लाल न दिसता राखाडी दिसतो आणि 'यादी जुनी' असे लिहून येते.

नाक्यावरची पायरी अशी ठरली. अलर्ट हा धागा आहे, आदेश नव्हे, हे वाक्य टॅबच्या पहिल्या पडद्यावर आहे. आधी फोटोतली पाटी आणि समोरची पाटी अक्षर न् अक्षर ताडायची. मग वाहनाचा प्रकार, रंग, मॉडेल. मग कंट्रोल रूममार्फत मूळ ठाण्याला फोन, आणि रात्रपाळीच्या माणसाने उत्तर देता यावे म्हणून चालू नोंदींची छापील यादी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर. हे होईपर्यंत माणसांना गाडीतच बसू द्यायचे. धोक्याचे वेगळे लक्षण असेल तरच उतरवायचे. १५ मिनिटांत ठाण्याकडून दुजोरा आला नाही तर ओळखपत्र, आरसी आणि फोन क्रमांक नोंदवून, इंजिन व चासी क्रमांक पाहून जाऊ द्यायचे. गाडी थांबवली तर चालकाला अलर्टचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी द्यायची.

शोधासाठी प्रत्येकाला स्वतःचे लॉगिन. गुन्हा क्रमांक किंवा स्टेशन डायरीचा क्रमांक टाकल्याशिवाय शोधाची खिडकी उघडत नाही. दर महिन्याला दुसऱ्या शाखेचा अधिकारी कोणतेही ४० शोध उचलून कागदांशी ताडतो. वित्तसंस्था, वसुली एजंट, खासगी गुप्तहेर यांना कोणतीही माहिती द्यायची नाही, हे वेगळ्या ओळीत ठळक लिहिले.

कोर्टात वापरायच्या वाचनांसाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र, दोन्ही भाग आणि हॅश मूल्यासह (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे ताडण्याचा सांकेतिक आकडा), वाचन बाहेर काढतानाच तयार करायचे ठरले. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणाच्या २०२० च्या निकालाने अशा प्रमाणपत्राची सक्ती स्पष्ट केली होती. तरीही सवय अशी की ते खटला उभा राहिल्यावर शोधायचे, तोवर मूळ नोंद पुसलेली असते.

परिणाम

कुटुंबाची नोंद तिन्ही जागांवरून निघाली. त्यांना लेखी खेदपत्र मिळाले, भरपाई मिळाली नाही. त्यांनी ती मागितलीही नाही.

चाचणीच्या पहिल्याच आठवड्यात जुन्या नोंदी ठाण्यांकडे होकारासाठी गेल्या, तेव्हा परत मिळालेल्या आणखी गाड्या यादीत सापडल्या. त्यांचे मालक रोज त्याच रस्त्यांनी जात होते. त्यांना फोन करून कळवले गेले. हे आदेशात लिहिलेले नव्हते; एका महिला पीएसआयने स्वतःहून केले.

स्वतंत्र लॉगिनला सुरुवातीला विरोध झाला. पाळी बदलताना मागचा माणूस बाहेर पडायचा विसरे, पुढचा त्याच्याच नावाने काम करत राही. दहा मिनिटे हालचाल नसेल तर लॉगिन आपोआप बंद, असे केल्यावर ते थांबले. पहिल्या तपासणीत काही शोधांपुढे गुन्हा क्रमांकाच्या जागी १११ असे आकडे निघाले. तेव्हा रकाना गुन्हा नोंदवहीशी जोडला.

१५ मिनिटांचा नियम सर्वांत कमी पाळला गेला. पावसात, गर्दीत, नवरात्रीच्या रात्री गरबा सुटल्यावर नाक्यावर घड्याळ कोणी पाहत नाही. अलर्ट स्वीकारल्यापासूनची मिनिटे टॅबवरच दिसायला हवीत, ही मागणी कंपनीकडे गेली आणि तिथेच थांबली, कारण मूळ करारात असे बदल फुकट करून देण्याची अट नव्हती. निविदा काढतानाच कोणी हा विचार केला असता तर हा खर्च आला नसता.

काय वेगळे करता आले असते

कुटुंबाकडून सुरुवात करू. गाडी सोडवताना त्यांनी ठाण्याकडे नोंद काढल्याचा कागद मागायला हवा होता. हे सांगणे वकिलाचे काम होते. त्यांनी ते मान्य केले. कोर्टाच्या आदेशाची साक्षांकित प्रत पहिले वर्षभर गाडीत असावी आणि फोटो दोघांच्या फोनमध्ये असावा.

पीएसआयने आईंना तरी गाडीत बसू द्यायला हवे होते. त्याला कुठला आदेश लागत नाही.

तपासणी पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेकडे दिली, ही आदेशातली मोठी उणीव वाटते. शहराबाहेरचा कोणी, निवृत्त न्यायिक अधिकारी वगैरे, वर्षातून दोनदा पाहील अशी तरतूद मसुद्यात होती. ती शेवटच्या फेरीत गळली, आणि ती टिकवण्यासाठी पुरेसा आग्रह धरला गेला नाही. आदेश प्रसिद्धही झाला नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कामकाजाचे नियम आणि सूचना आपणहून जाहीर करायच्या असतात; नाक्यांची ठिकाणे झाकून उरलेला मजकूर संकेतस्थळावर टाकायला काहीच आडकाठी नव्हती. चिठ्ठी हातात आली तरी आपले हक्क कोणते हे चालकाला आजही कळत नाही.

आणि आदेशाची हद्द विभागापुरतीच आहे. दिवाळीत हे कुटुंब पुण्याला जाते, नवापूरमार्गे किंवा मुंबईच्या वाटेने. वाटेत किती टॅबांत त्यांच्या गाडीची जुनी नक्कल उतरलेली आहे हे बडोद्याच्या कंट्रोल रूमला दिसत नाही. कोर्टाच्या आदेशाची प्रत अजून गाडीच्या कप्प्यात आहे.